हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतील सरस्वतीबाई

अमरावती शहरात नवख्या माणसाला पत्ता सांगायचा, तर राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक ही नावे घ्यावी लागतात. राजे, संत आणि पुढारी यांच्या नावांचे चौक सर्वत्रच असतात. टॉकीजच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौकांची एवढी मोठी माळ मात्र थोड्याच शहरांच्या वाट्याला आली असेल. सिनेमाच्या धंद्यानेही वऱ्हाडाची एक खूण जपली आहे. ‘सी. पी. अँड बेरार’ हा प्रांत १९५० मध्येच कागदोपत्री संपला, वऱ्हाड १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पण चित्रपट वितरकांच्या वहीत ‘सी. पी. बेरार’ हा विभाग कायम राहिला. नवा चित्रपट कोणत्या विभागासाठी किती रकमेला विकला गेला, हे सांगताना आज महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ या राज्यांत विखुरलेल्या मुलखाला याच नावाने ओळखले जाते. भुसावळ आणि अमरावती ही या विभागाची जुनी ठाणी होत. मुंबईहून निघालेली रिळांची पेटी रेल्वेने भुसावळ, अकोला, बडनेरा असा प्रवास करीत नागपूरकडे जात असे.

ज्या धंद्याने या गावांना चौकांची नावे दिली, त्याचा पहिला हिशेब दादरच्या एका बंगल्यात मांडला गेला होता. तो मांडणाऱ्या दाम्पत्याची कथा म्हणजे परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, एवढाच त्याचा विषय. जानेवारी २०१० मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याआधी २००९ मध्येच ऑस्कर स्पर्धेसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली होती. ‘श्वास’नंतर हा मान मिळालेला तो दुसरा मराठी चित्रपट. अंतिम नामांकन मिळाले नाही, पण या निमित्ताने फाळके हे नाव एका पुरस्कारापुरते न उरता पुन्हा घराघरांत बोलले गेले. नंदू माधव यांनी दादासाहेब आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई उभ्या केल्या. रंगभूमीवरून आलेल्या मोकाशी यांचा हा पहिलाच चित्रपट होता. बापू वाटवे यांनी लिहिलेले फाळके चरित्र वाचून त्यांना हा विषय सुचला आणि पैशाची जुळवाजुळव करण्यात पुढे काही वर्षे गेली.

हा चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक हसत हसत बाहेर पडतो. तो हसतो, म्हणूनच त्यातील धोका नेमका किती होता हे समजून घेण्यासारखे आहे.

धोका कशाचा?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, राजा रविवर्मा यांच्या शिळाप्रेसशी आलेला संबंध, मग स्वतःचा छापखाना, यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये केलेली जर्मनीवारी, असा त्यांचा प्रवास आहे. जादूचे प्रयोगही ते करीत आणि त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतले होते. एक गोष्ट हाती घ्यावी, तीत तरबेज व्हावे आणि ती सोडून दुसऱ्या गोष्टीमागे लागावे, असा हा स्वभाव. पहिली पत्नी आणि मूल प्लेगने गेल्यानंतर १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरची गिरिजा करंदीकर ही सासरी सरस्वती झाली. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील ही मुलगी वयाने दादासाहेबांपेक्षा बरीच लहान होती.

छापखान्यातील भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब बाहेर पडले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. घरात मुले होती आणि उत्पन्न थांबले होते. अशा वेळी एप्रिल १९११ मध्ये गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी हलती चित्रे पाहिली. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यांनी पत्नीलाही तो चित्रपट दाखवायला नेले. म्हणजे या उद्योगाच्या पहिल्या खेळापासून सरस्वतीबाई प्रेक्षक म्हणून का होईना, सामील होत्या.

पुढील काही महिने फाळके मिळेल तो परदेशी चित्रपट पाहत होते आणि मिळेल ते पुस्तक वाचत होते. झोप तीन तासांवर आली. डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जवळपास गेली आणि वैद्यकीय उपचार व एकावर एक चष्मे वापरून ती परत मिळवावी लागली. चित्रकार, छायाचित्रकार आणि मुद्रक असलेल्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे डोळे. ते पणाला लागल्यानंतरही माणूस थांबला नाही, हे चित्रपटात गमतीच्या अंगाने येते. वस्तुस्थितीत ती गंमत असणे शक्य नव्हते.

मग पैशाचा प्रश्न. विलायतेला जाऊन यंत्र आणायचे आणि तंत्र शिकायचे होते. दादासाहेबांनी आपल्या बारा हजार रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजारांचे कर्ज उभे केल्याचे चरित्रकार नोंदवतात. कर्त्या पुरुषाचे बरेवाईट झाल्यास घरच्यांना जो आधार उरावा म्हणून विमा उतरवायचा, तोच आधार सावकाराकडे गेला. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना ते ओळखपाळख नसताना जाऊन भेटले. त्या गृहस्थांनी आधी त्यांना या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला. नंतर मात्र सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याच्या स्टुडिओचे दार त्यांनीच उघडून दिले. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून दादासाहेब १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईत परतले. दोन महिन्यांची ही सारी मोहीम.

परतल्यावरही पैसे घालायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि अनेक दिवस थोडी थोडी फिल्म खर्च करीत त्याचे चित्रीकरण केले. मातीतून कोंब येतो, वेल होतो आणि वर चढतो, हे सारे पाहणाऱ्याला दीड-दोन मिनिटांत दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी फीत म्हणजे भांडवलदारांसमोर ठेवलेला नमुना होता. तो पाहून कर्ज मिळाले. मात्र तारण म्हणून घरातील दागिने गेले. ते सरस्वतीबाईंचे होते.

वऱ्हाडातील वाचकाला येथे वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाच्या आधी बियाणे आणि खतासाठी घरातील सोने सराफाकडे जाते आणि पाऊस, बाजारभाव व बोंडअळी यांच्या कृपेने ते दिवाळीनंतर परत येते किंवा येत नाही, हा येथील अनेक घरांचा अनुभव आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च्याच सुमारास आलेल्या सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटात विदर्भातील अशाच एका कुटुंबाची गोष्ट होती. तेथेही नवऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे याचा अंदाज घेत बायको घर सांभाळते. एक चित्रपट हसवतो, दुसरा बेचैन करतो; पण मुळातील व्यवहार एकच. पुरुष जुगार खेळतो आणि त्यात लावलेली रक्कम बाईच्या अंगावरून उतरलेली असते. फरक एवढाच, की फाळक्यांचा दाणा उगवला.

रात्रीचे काम

सरस्वतीबाईंनी दागिने दिले, एवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. चित्रपटाने त्यापुढे एक पाऊल टाकले आहे आणि तेच त्याचे खरे मोल म्हणावे लागेल. तरीही पडद्यावर ओझरते दिसणारे काम प्रत्यक्षात किती होते, याचा साधा हिशेब करून पाहता येतो.

त्या काळी कच्ची फिल्म बहुधा छिद्रांविना येई. कॅमेऱ्याच्या दातेरी चाकात ती अडकावी आणि एकसारख्या गतीने पुढे सरकावी, यासाठी तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडून घ्यावी लागत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रचौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला एका कडेवर चार छिद्रे लागतात. म्हणजे एका फुटाला एका बाजूस चौसष्ट, दोन्ही बाजूंस मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. गुणाकार केला, तर पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, पुन्हा घेतलेली दृश्ये धरलेली नाहीत आणि प्रदर्शनासाठी काढलेल्या प्रतीही धरलेल्या नाहीत. यंत्र अर्थातच एका वेळी एकच छिद्र पाडत नसे. पण ते हाताने चालवावे लागे आणि छिद्र केसभर सरकले, तरी पडद्यावर चित्र थरथरत असे. फिल्मला उजेड लागून चालत नसल्याने हे काम अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्याच्या आधारे करावे लागे. शिवाय ती नायट्रेटची फिल्म. ठिणगी पडली, तर भडका उडणारी. लहान मुले असलेल्या घरात रात्री बसून सरस्वतीबाई हे काम करीत.

दिवसाची कामे वेगळीच होती. दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरादास बंगल्याच्या आवारात दादासाहेबांनी काचेची खोली आणि अंधारखोली उभारली होती. कलाकार, रंगारी, सुतार असा साठ-सत्तर माणसांचा राबता तेथे असे. त्या सर्वांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत आणि नटांचे कपडेही धुऊन देत. रासायनिक द्रावणे तयार करणे, फिल्म धुणे, कॅमेऱ्यात ती भरणे ही कामे दादासाहेबांनी त्यांना शिकवली होती. विजेचे मोठे दिवे नव्हते. चित्रीकरण उन्हावर चाले. नटाच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर ताणून उन्हात तासन् तास उभे राहण्याची पाळीही त्यांच्यावर येई. आजच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ही कामे सात-आठ वेगवेगळ्या विभागांत वाटलेली दिसतात. त्या नामावलीतील ‘प्रॉडक्शन’पासून ‘लॅब’पर्यंतचे रकाने १९१२ मध्ये एकाच बाईच्या नावाने भरावे लागले असते. भरले मात्र कोणी नाहीत.

तारामतीची भूमिका सरस्वतीबाईंनीच करावी, असा आग्रह दादासाहेबांनी धरला होता. त्यांनी नकार दिला. मी रंग लावून उभी राहिले तर बाकीचे सारे कोण पाहणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. कुलीन स्त्री कॅमेऱ्यापुढे येण्याचा तो काळ नव्हता, हेही खरे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्त्री कलाकार मिळाल्या नाहीत. दादासाहेब कलावंतिणींच्या वस्तीतही जाऊन आले. तेथूनही नकारच आला. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले. तेथे दहा रुपये पगार होता, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय पडद्याला तारामती मिळाली. स्त्री भूमिकांसाठी निवडलेल्या पुरुषांपुढे मग मिशांचा प्रश्न उभा राहिला. वडील हयात असताना मिशी काढायची कशी? चित्रपटातील हा प्रसंग प्रेक्षकांना खदखदून हसवतो आणि तो कपोलकल्पित नाही.

शीर्षकाचे कोडेही येथेच सुटते. सिनेमात काम करतो असे सांगितले, तर लोक दारात उभे करीत नसत. म्हणून कोणी विचारलेच, तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगा, अशी दादासाहेबांची आपल्या माणसांना सूचना होती. फॅक्टरी म्हटले की पगार आला आणि पगार आला की प्रतिष्ठा आली.

अकोल्याच्या जिनिंगमध्ये आहे असे सांगितले, की गावाकडची मंडळी पुढे काही विचारत नसत. तोच हा न्याय.

पडद्यावरचे आणि पडद्याबाहेरचे

चरित्रपट हा इतिहास नव्हे, ही सबब दिग्दर्शक नेहमीच देतात आणि ती मान्यही करावी लागते. प्रश्न उरतो तो काय घेतले आणि काय वगळले याचा. मोकाशी यांनी संपूर्ण चित्रपटाला मूकपटाची चाल दिली आहे. प्रसंग झरझर पुढे सरकतात, फाळके चॅप्लिनच्या भाऊबंदांपैकी वाटतात आणि आनंद मोडक यांचे संगीत त्या चालीला ताल देते. नितीन चंद्रकांत देसाई यांनी उभी केलेली शंभर वर्षांपूर्वीची मुंबई देखणी आहे. घरातील एकेक वस्तू विकली जाते, शेजारीपाजारी वेड्यात काढतात आणि तरीही हे जोडपे रडत नाही. येथे दिग्दर्शकाने धाडस केले आहे. थोर पुरुषांवरील मराठी चित्रपटात वेदना ओतप्रोत असावी लागते, हा संकेत त्यांनी झुगारला. घरातील कर्ती बाई पतीच्या वेडात आनंदाने सामील आहे, तिला त्या वेडाची गंमत वाटते, हे विभावरी देशपांडे यांनी फार संयमाने दाखवले आहे. त्यांच्या सरस्वतीबाई सोशिक पतिव्रता होत नाहीत. त्या भागीदार वाटतात.

पण याच हसऱ्या चालीची किंमतही चित्रपटाने मोजली आहे. सरस्वतीबाईंना नाही म्हणावेसे कधी वाटले असेल का, दागिने देताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे प्रश्न तो वेगात ओलांडून जातो. कथा १९१४ च्या लंडनभेटीपर्यंत येऊन थांबते. तेथे फाळके यांना परदेशात राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रण मिळते आणि ते नाकारून ते मायदेशी परततात. उंचीवर नेऊन सोडलेला हा शेवट आहे. प्रत्यक्षात त्यानंतर महायुद्ध आले, कच्च्या फिल्मची टंचाई झाली, पैसा आटला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने पुन्हा लक्ष्मी आणली आणि त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये भांडवलदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, मतभेद झाले, दादासाहेब सारे सोडून सहकुटुंब काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, पुन्हा परतले. बोलपट आल्यावर त्यांचा काळ संपला. ‘गंगावतरण’ हा १९३७ चा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा उद्योग त्यांना जवळपास विसरला होता. ही तीस वर्षे सरस्वतीबाईंच्याही आयुष्यातील होती. हसऱ्या चालीत ती मावली नसती, हे कबूल. तरीही एखाद्या दिग्दर्शकाने ती कथा दुसऱ्या चालीत सांगायला हवी.

पहिलेपणाचा वादही चित्रपटाने बाजूला ठेवला आहे. दादासाहेब तोरणे यांचे ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळपास वर्षभर आधी, त्याच कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवले गेले होते. ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवली होती, या कारणांनी अभ्यासकांचे मत फाळक्यांच्या बाजूने झुकते. कच्च्या फिल्मपासून तयार प्रतीपर्यंतचे सारे काम घरात झाले, हा फाळक्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे. आणि घरात झालेले ते काम कोणी केले, हे वर आलेच आहे.

तीन आण्यांत सत्तावन्न हजार चित्रे

चित्रपट तयार झाला म्हणजे धोका संपला, असे या धंद्यात कधीच होत नाही. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया थिएटरमध्ये निवडक निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी खुला झाला. केवळ चित्रपटावर प्रेक्षक येतील याची खात्री नसल्याने सोबत नृत्य, विनोदी नकला आणि कसरतीचे प्रयोगही ठेवले होते. मुंबईत गर्दी लोटली. बाहेरगावी मात्र तशी खात्री नव्हती. सुरतेला पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले. कारण सरळ होते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असताना तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार? तेव्हा दादासाहेबांनी जाहिरातच बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, अशा आशयाची ती जाहिरात वाचून गुजराती प्रेक्षकाला हा सौदा पटला आणि गल्ला शेकड्यांत गेला.

यातील सत्तावन्न हजारांचा आकडा बराचसा खरा होता, हे वरच्या हिशेबावरून पडताळता येते. फुटाला सोळा चौकटी धरल्या, तर ३,७०० फुटांत ५९,२०० चौकटी येतात. दोन मैल मात्र शुद्ध जाहिरातबाजी. ३,७०० फूट म्हणजे एक मैलही भरत नाही.

चित्रपट गावोगावी नेऊन खपवण्याची ही विद्या पुढे वितरकांनी आत्मसात केली आणि त्यातूनच ‘सी. पी. बेरार’सारखे विभाग आकाराला आले. या विभागात मराठी चित्रपटांपेक्षा हिंदीची चलती अधिक, ही मराठी निर्मात्यांची जुनी तक्रार आहे. पुण्या-मुंबईत महिनाभर चाललेला मराठी चित्रपट अमरावती आणि अकोल्यात आठवडा काढेल की नाही, याची धास्ती वितरकाला असते. फाळके यांची भाषा मूक होती. त्यांना ही अडचण नव्हती.

असाच एक संसार हॉलिवूडमध्ये

चित्रपट काढणाऱ्या जोडप्यावर चित्रपट काढण्याचा मोह इतरांनाही झाला आहे. २०१२ मध्ये आलेल्या ‘हिचकॉक’मध्ये अँथनी हॉपकिन्स आणि हेलन मिरेन यांनी आल्फ्रेड हिचकॉक आणि आल्मा रेव्हिल हे दाम्पत्य साकारले. विषय होता १९६० च्या ‘सायको’ची निर्मिती. पॅरामाउंट कंपनी त्या चित्रपटावर नेहमीसारखा पैसा घालायला राजी नव्हती. तेव्हा हिचकॉक यांनी आपले मानधन बाजूला ठेवून नफ्यातील हिस्सा पत्करला आणि दूरचित्रवाणीच्या चमूला हाताशी धरून आठ लाख डॉलरच्या आसपास खर्चात काम उरकले. आल्मा स्वतः मुरलेल्या संकलक आणि पटकथाकार होत्या. स्नानगृहातील प्रसिद्ध खुनानंतर मृत पडलेल्या नायिकेची सूक्ष्म हालचाल इतर सर्वांच्या नजरेतून सुटली आणि आल्मा यांच्या नजरेने ती टिपली, असा किस्सा सांगितला जातो.

दोन चित्रपटांतील अंतर मात्र लक्षात घ्यावे असे आहे. ‘हिचकॉक’चा कर्ता नवरा-बायकोतील रुसवाफुगवा आणि संशय यांवर कथा चालवतो. मराठी दिग्दर्शकाला त्या मिठाची गरज भासली नाही. शिवाय हिचकॉक हरले असते, तरी त्यांचा पोहण्याचा तलाव शाबूत राहिला असता. फाळके हरले असते तर सावकार होता.

उरले काय

फाळके यांनी शंभराच्या आसपास चित्रपट आणि अनेक लघुपट काढले. त्यांतील फार थोडे आज पाहता येतात. नायट्रेटची फिल्म जळते, कुजते, तिच्यातील चांदीसाठी ती विकलीही जाते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बराच उशीर झाला होता. पी. के. नायर यांनी संग्रहालयासाठी जे गोळा केले, त्यात ‘राजा हरिश्चंद्र’च्या चारपैकी पहिल्या आणि अखेरच्या रिळाचा भाग आहे. तोही १९१३ चा मूळ चित्रपट नसून १९१७ मध्ये फाळके यांनीच पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. त्याच सुमारास फाळके यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फीत काढली होती. तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या भागात दत्तात्रय दामोदर दबके यांचा हरिश्चंद्र दिसतो, अण्णा साळुंके यांची तारामती दिसते. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रांची ओळ असते. प्रक्षेपकातून चित्र पडद्यावर पडते तेव्हा ती दिसत नाही.